अण्णांनी साठवलेले पोचे

"आता सांग. हा पोचा कुठला?"

"वळूचा."

"वळूचा नव्हं गं! वळू आडवा आला म्हणून तू स्टेअरिंग डावीकडं मारलंस, तेव्हा हा भिंतीवर आपटून पडला. वळूला आपण हातसुद्धा लावलेला नाही. वळू आपला निघून गेला."

"बरं. भिंतीचा."

"आणि हा?"

"घाबरून गाडी मागं घेतली, तेव्हा विजेच्या खांबाचा."

"शाब्बास! आणि हे लांबलचक खरचटलंय ते?"

काल रात्री पाठ केलेलं सगळं सकाळी डोक्यातून पार धुऊन गेलं होतं. अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला आणि बोटाच्या पेरानं दारावर टकटक केलं. दुकानात हंडा वाजवून बघायचे, अगदी तसंच. गाडीचा पत्रा बद्द वाजला.

सांगलीला खणभागात आमचं घर. घराला लागून एक अरुंद बोळ, आणि त्या बोळात अण्णांची पांढरी गाडी. या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं झाली, पण ती सकाळ आठवली की आजही माझ्या अंगात बळ येतं. दहा वाजता विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला येणार होता. नऊ वाजून गेले होते, आणि ज्या अपघातात मी नव्हतेच तो अपघात मी कसा केला, याची उजळणी चालली होती.

खरी गोष्ट साधी होती. आदल्या दिवशी अण्णांनी गाडी बोळातून मागं घेताना तोंडाशी असलेल्या दगडी खांबाला घातली. डिकीचं दार आत गेलं. एवढाच काय तो अपघात. बाकीचे चार पोचे वर्षभरात जमलेले. एक आमच्याच जिन्याच्या पायरीचा, एक शेजारच्या पागोळीच्या नळाचा, एक भाजी मंडईबाहेरच्या हातगाड्याचा आणि एक कुणाचा ते देव जाणे. सगळे अण्णांच्याच हातचे.

पोचा पडला की दुसरा माणूस हळहळतो, दुरुस्त करून घेतो. अण्णांनी साठवले. त्याला कारण होतं आमचं दुकान. मारुती रोडला आमचं भांड्यांचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. आमच्याकडं बायका वर्षभर चेपलेली पातेली, कान तुटलेल्या बादल्या, पोचलेले तांबे माळ्यावर टाकून ठेवतात आणि दिवाळीच्या आधी पोत्यात भरून मोडीत घालायला आणतात. एकदाच वजन, एकदाच हिशेब, वर नवीन भांडं. अण्णांचं सगळं गणित तिथूनच आलेलं. "एकेका पोच्यापायी कंपनीकडं कशाला पळायचं? साठवू. वर्ष सरता सरता एकदाच मोडीत घालू," असं ते अभिमानानं सांगायचे. आणि विमा काढतानाही आपण एजंटशी कशी घासाघीस केली, हप्ता कसा कमी करून घेतला, हे अख्ख्या गल्लीला ऐकवून झालं होतं. भांडी विकणाऱ्याला कोण गंडवणार!

आता या नाटकात मी का, तर अण्णांचं लायसन संपलं होतं. पन्नाशीनंतर ते नवीन करून घ्यावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं, पण "करू की पुढच्या आठवड्यात" म्हणता म्हणता दोन वर्षं उलटली होती. लायसनशिवाय क्लेम कुठला मिळायला! घरात चालू लायसन एकट्या माझ्याकडं होतं, आणि तेही अण्णांनी काढू दिलं ते लग्नाच्या बायोडेटात घालायला. स्वयंपाक, भरतकाम, ड्रायव्हिंग. प्रत्यक्षात त्या गाडीच्या स्टेअरिंगला मी कधी हात लावला नव्हता. अण्णा लावू देत नव्हते. "पोरीच्या हाती गाडी म्हणजे पोचे," असं त्यांचं ठाम मत होतं.

"हेमे, लक्ष कुठाय तुझं? हे एकदा पार पडलं की सोमवारपासून गाडी तुझी. शब्द दिलाय ना मी?"

लक्ष तिथंच होतं! त्या सोमवारवरच तर माझा जीव टांगला होता. कवठेमहांकाळच्या रस्त्याला बेदाण्याचा एक नवा कारखाना झाला होता आणि तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. बीएस्सी होऊन घरात बसले होते, दर रविवारी पोहे घेऊन पाहुण्यांसमोर जात होते, आणि ही पहिली नोकरी. पण कारखाना गावापासून लांब, तिथं एसटी थांबत नव्हती. गाडी मिळाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा पोहे. अण्णा आधी "नाही" म्हणाले, मग "बघू" म्हणाले, आणि आता लायसनची अडचण आल्यावर एकदम "गाडी तुझी" म्हणाले. म्हणून मी वळू पाठ करत होते.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, त्या पोच्यांत कुंकू आहे की अजून."

अण्णा दचकले. दसऱ्याला गाडीची पूजा झाली होती. आईनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला आणि मग मनात काय आलं कुणास ठाऊक, प्रत्येक पोच्याला हळदकुंकू लावलं. "जिथं लागलंय तिथं आधी," असं म्हणाली होती. गाडीवर पाण्याची नळी मारायची नाही, पत्रा गंजतो, हा अण्णांचा नियम. त्यामुळं दिवाळी होऊन गेली तरी कुंकू जागच्या जागी होतं.

"पूस, पूस लवकर!"

आई ओलं फडकं घेऊन धावली, मी दुसरं घेतलं, अण्णांनी खिशातला रुमाल काढला. आम्ही तिघंही गाडीला असे भिडलो की समोरच्या खिडकीतून कुलकर्णीकाकूंनी विचारलं, "काय ओ, गाडी विकताय काय?" अण्णांनी मान वर न करता "नाही नाही" म्हटलं. एवढ्यात बोळाच्या तोंडाशी स्कूटर थांबली.

सर्व्हेअर हुक्केरीसाहेब बारके, पन्नाशीचे, गळ्यात चष्म्याची दोरी. बोलणं बेळगावकडचं, सावकाश. चहा नको म्हणाले, मग आईनं आणलेला घेतला. कप कट्ट्यावर ठेवला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. दुसरी चक्कर मारली.

"अपघात कधीचा म्हणालात?"

"कालचा," अण्णा म्हणाले. "मुलगी चालवत होती. वळू आला आडवा."

"हे सगळं एकाच वळूमुळं?"

"मोठा होता ओ वळू."

साहेबांनी मागच्या दाराच्या पोच्यात बोट घातलं, पत्र्याच्या घडीतून फिरवलं आणि उजेडात धरलं. बोटाचं टोक लालपिवळं झालं होतं.

"अपघात कालचा ना? मग हळदकुंकू कुणी वाहिलं त्याला?"

मी हातातलं फडकं पाठीमागं लपवलं. पण अण्णा दुकानदार माणूस, गिऱ्हाइकासमोर कधी अडले नाहीत. "आमच्यात पद्धत आहे," ते म्हणाले. "अपघात झाला की गाडीची शांत करतात. लगेच."

"कधीपासून?" आईनं मनापासून विचारलं.

अण्णांनी तिच्याकडं असं पाहिलं की ती चहाचा कप उचलून आत गेली, पण दाराआडून तिचा पदर दिसत होता.

साहेब हसले नाहीत, हीच मोठी गोष्ट. त्यांनी मला विचारलं, "काय नाव, ताई? तुम्ही चालवत होता?"

मी तोंड उघडलं. घशापर्यंत वळू आला होता. पण बाहेर आलं ते फक्त नाव, "हेमांगी."

"असू दे," ते म्हणाले. "इथं अंधार आहे. डिकीचं दार नीट बघायचंय मला. तेवढी गाडी रस्त्यावर काढता? तुम्हीच काढा, तुमच्याकडंच लायसन आहे ना."

अण्णांनी खिशातून किल्ली काढली. ती माझ्या हातावर ठेवली. ते माझ्या कानाशी आले आणि पुटपुटले, "ऐक. काढताना जरा घास. खांबाला हलकं टेकव. म्हणजे त्याची खात्री पटेल. सोमवार ध्यानात ठेव."

मी आत बसले. दार लावलं. आजवर त्या सीटवर बसायचं स्वप्न पाहिलं होतं, आणि ती मिळाली तीही अशी! काय करायचं ते अगदी उघड होतं. गाडी वाईट चालवायची, एक पोचा आणखी पाडायचा, साहेब "बरोबर आहे, या पोरीनंच केलं असणार" म्हणतील, क्लेम होईल, सोमवारी मी कामावर. काही अवघड नव्हतं.

फक्त एक गोष्ट अण्णांना माहीत नव्हती. माझे मामा तासगावचे. त्यांच्या द्राक्षबागेत गेले तीन उन्हाळे मी त्यांची पिकअप चालवत होते. वेलींच्या दोन ओळींमधून, क्रेटनं भरलेली गाडी, मागं बघत, एका पानालाही धक्का न लावता. एक घड जरी खाली पडला तर मामा अख्ख्या बागेसमोर माझा उद्धार करायचे. आईला हे ठाऊक होतं. अण्णांना सांगायची तिची छाती झाली नव्हती आणि माझीही.

मी आरसा नीट केला. अण्णांनी तो कायम स्वतःचा भांग दिसेल असा ठेवलेला असायचा. त्या आरशात आता बोळ दिसला, दगडी खांब दिसला, खांबाशेजारी हात घासत उभे असलेले अण्णा दिसले. ते मला मान हलवून खूण करत होते, डावीकडं, डावीकडं, घास.

मी गाडी सुरू केली. मागचा गियर टाकला. आणि खरं सांगते, पुढचं मी ठरवून केलं नाही. हातांना जे येत होतं तेच हातांनी केलं. जिन्याची पायरी डावीकडून सुटली, पागोळीचा नळ उजवीकडून सुटला, खांबापाशी मी पाव वळण घेतलं, सोडलं, पुन्हा पाव घेतलं, आणि गाडी बोळातून अलगद बाहेर आली. कुठं चर्र नाही, कुठं टकटक नाही. रस्त्यावर मी ती कडेला लावली, समोरून रिक्षा येत होती म्हणून चाकं सरळ केली आणि उतरले.

कुलकर्णीकाकूंनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. "अगं बाई, एका दमात! अण्णांना चार वेळा पुढं-मागं करावं लागतंय की!"

माझे कान तापले होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्याच वेळी कळत होतं की सगळं मुसळ केरात गेलं. क्लेम गेला, सोमवार गेला. तरी हसू काही आवरेना.

हुक्केरीसाहेब खांबापाशी जाऊन उभे राहिले. खांबावर पांढऱ्या रंगाचे ओरखडे होते, एकावर एक, जुने आणि नवे. त्यांनी ते पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"डोर्ले अण्णा," ते सावकाश म्हणाले, "ही गाडी तुमच्या मुलीनं ठोकलेली नाही."

अण्णा उभ्या उभ्या बारके झाले. आता वळू नाही, शांत नाही. कट्ट्यावर बसले. "मीच," म्हणाले. "काल पण मीच आणि आधीपण. लायसन संपलंय माझं."

"मग कालचंसुद्धा मिळत नाही. आणि खोटं लिहून दिलं असतंत तर मोठ्या भानगडीत अडकला असता, पोरीला घेऊन." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मी अजून काही लिहिलेलं नाही. क्लेम मागं घेतो म्हणा, विषय संपला. पण एक सांगू? लायसन असतं तरी तुमच्या हातात फारसं काही पडलं नसतं."

"का म्हणून?" अण्णा एकदम ताठ झाले. "हप्ता भरलाय मी!"

"प्रत्येक पोचा हा वेगळा अपघात. म्हणजे क्लेम वेगळा. आणि प्रत्येक क्लेममधली सुरवातीची रक्कम गाडीमालकानं स्वतः भरायची. तशी थोडी रक्कम कंपनी सगळ्यांचीच कापते, त्याला इलाज नाही. आणि त्यावर पाच हजार तुम्ही आपणहून अंगावर घेतलेत. हप्ता कमी करून घेतलात ना? तो त्याच्याच बदल्यात."

"मी घासाघीस केली होती!"

"एजंटनं तुम्हाला घासाघीस करू दिली," साहेब म्हणाले.

अण्णांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. साहेबांनी दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. अण्णा मान हलवत होते, पण काही न घेताच निघणारं गिऱ्हाईक जशी हलवतं तशी. शेवटी मलाच राहवेना. मी त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसले.

"अण्णा, मोड घेताना आपण वजनातून थोडं कापतो का नाही? मळाचं, डागाचं, म्हणून?"

"कापायलाच लागतंय. त्याशिवाय धंदा कसा होईल?"

"बाईनं पोतंभर भांडी एकदम आणली म्हणून पितळेच्या तांब्याचं कापायचं सोडतो?"

"छे. प्रत्येकाचं वेगळं."

"तसंच हे. पोचे साठवून एकदम आणले तरी कंपनी प्रत्येकाचं वेगळं कापणार. आणि एखादं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, नव्या भांड्याचा भाव तेवढा कमी करा, मोडीतनं काय पाहिजे तेवढं कापा. तर?"

अण्णांचे डोळे चमकले. "तर मी त्याला बसायला खुर्ची देईन. चहा मागवीन. असलं गिऱ्हाईक परत परत..."

आणि ते थांबले. हळूहळू तोंड उघडं पडलं. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, तिच्या एकेका पोच्याकडं पाहिलं.

"म्हणजे ते गिऱ्हाईक मी हाय व्हय?"

आतून आईचं हसू फुटलं. ती तोंडाला पदर लावूनच बाहेर आली, पण हसू पदरात मावेना. साहेबांचाही संयम सुटला. मी हसले, कुलकर्णीकाकू हसल्या. फक्त अण्णा हसले नाहीत. "विमा मग कशाला काढायचा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मोठ्या संकटाला. बारकं आपलं आपण सोसायचं," असं म्हणून साहेबांनी स्कूटरला किक मारली. जाता जाता मला म्हणाले, "ताई, कुठं शिकलात हो?"

"द्राक्षबागेत," मी म्हणाले. अण्णांनी ते ऐकलं.

साहेब गेले आणि अण्णाही चपला घालून चालत दुकानाकडं निघाले. गाडीकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. किल्ली माझ्याच मुठीत राहिली होती. मी गाडी उलट्या वाटेनं बोळात लावली, तशीच अलगद, आणि किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला नेऊन अडकवली. तेव्हा मात्र हसू कुठल्या कुठं पळालं. शब्द क्लेमचा होता. क्लेम झाला नाही, आता शब्द कुठला? बापाला परक्यासमोर उघडं पाडलं, वर त्याला शिकवायला बसले. माझी जेवणावर वासना राहिली नाही. दुपारी आई म्हणाली, "जाऊ दे, पोरी. गाडी किती गोड काढलीस!" त्यावर मला रडूच आलं.

पाचच्या सुमाराला आई म्हणाली, "खुंटीवरची किल्ली कुठाय?" किल्ली नव्हती. मधेच जेवायला येऊन गेलेले अण्णा ती घेऊन गेले होते. म्हणजे संपलंच, असं मी समजले. कारखान्याला फोन करून काय सांगायचं याची जुळवाजुळव करत बसले.

आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर दोन पाट्या होत्या, दोन्ही अण्णांच्या हातच्या. एकीवर 'येथे मोड घेतली जाईल' आणि दुसरीवर 'नाव घातलेले भांडे परत घेतले जाणार नाही.' त्या दुसऱ्या पाटीपायी किती भांडणं मी लहानपणापासून पाहिली. एकदा बुधगावचा एक माणूस मोडलेल्या लग्नाच्या, नाव घातलेल्या घागरी परत द्यायला आला होता. हातापाया पडला, पण अण्णा ऐकेनात. नाव घालायचं यंत्र ते दुसऱ्या कुणाला वापरू देत नसत. कर्रर आवाज करत ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटायचं, आणि एकदा उमटलं की वस्तू त्या माणसाची. त्यात बदल नाही.

दिवेलागणीला अण्णा आले. पाय धुतले, देवाला नमस्कार केला, ओसरीवर बसले आणि खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. किल्लीला रुपयाहून मोठा, स्टीलचा गोल बिल्ला अडकवला होता. पातेल्याच्या झाकणाचा पत्रा कापून, कडा घासून केलेला. त्यावर ताजे ठिपके चमकत होते.

कु. हेमांगी म. डोर्ले.

मी त्यावरून बोट फिरवलं. अक्षर जरा वाकडं होतं, 'गी'ची वेलांटी कडेला जाऊन पोचली होती.

"सोमवारी डबा न्यायला विसरू नको," अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले. "आणि पोचा पडला, तर सुरवातीचे पाच हजार तुझ्या पगारातनं. सांगून ठेवतोय."

"अहो, नाव घातलंत हिचं?" आईनं बिल्ला उचलून दिव्याशी धरला. "मग आता परत मागायची सोय नाही हं तुम्हाला."

"ठाऊक हाय की," अण्णा म्हणाले. "पाटी मीच लिहिलीय."